समजावून सांगण्याचे खाते कोणाकडे?

जबलपूरच्या जुन्या शहरातून दमोह नाका ओलांडून विजय नगरात शिरले की रस्ते रुंद होतात आणि पाट्या बदलतात. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा, सोनोग्राफी, दंतवैद्य, हृदयरोगतज्ज्ञ, रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी औषधांची दुकाने. कचनार सिटीतील ७६ फुटी शिवमूर्ती पाहायला बाहेरगावचे लोक येतात. शहरातले लोक येथे येतात ते बाजारासाठी आणि डॉक्टरसाठी. तोफगाडी कारखाना, खमरियाची आयुधनिर्माणी, वीज मंडळ, रेल्वे यांतून निवृत्त झालेली मराठी कुटुंबे या व आसपासच्या वसाहतींत राहतात. त्यांपैकी एखाद्या घरी गेलात तर कपाटात एक जाड फाइल हमखास सापडेल. तिच्यात केंद्रीय आरोग्य योजनेचे कार्ड, साखरेच्या मागील अनेक वर्षांच्या तपासण्या, हृदयाचा आलेख आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेवार लावलेल्या असतात. गृहस्थाला डॉक्टरचे अक्षर वाचता येत नाही. पण कोणती गोळी जेवणाआधी व कोणती नंतर हे त्याला पाठ असते. न कळले तर मुलगी पुण्याहून दूरध्वनीवर सांगते, किंवा कारखान्याच्या रुग्णालयातला जुना कंपाउंडर सांगतो.

या घरापासून अवघ्या काही किलोमीटरवर गोहलपूर, हनुमानताल, रद्दी चौकी या वस्त्या आहेत. तेथे मुस्लिम वस्ती दाट आहे आणि कित्येक घरांत स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. त्या घरांतही कागद असतातच. विडी कामगाराचे ओळखपत्र, आयुष्मान कार्ड असल्यास ते, लसीकरणाचे पत्रक, छातीच्या क्ष-किरण तपासणीचे मोठे पाकीट. सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत खुंटीला टांगलेले. फाइल आणि पिशवी यांतील कागद जवळपास सारखेच आहेत. फरक एवढाच की फाइलवाल्याला त्यांचा अर्थ सांगणारे कोणीतरी आहे, पिशवीवालीला नाही. आपल्या शहरांतील आरोग्यविषयक विषमतेचे निम्मे कारण या एका फरकात दडलेले आहे आणि दिल्लीच्या धोरणांत त्याला अद्याप जागा मिळालेली नाही.

राजधानीतील वाचकाने जबलपूरच्या एका वसाहतीचा विचार का करावा, असे कोणी विचारील. कारण या शहरात, कागदावर पाहिले तर, काहीही कमी नाही. १९५५ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे. राज्याचे वैद्यकीय विद्यापीठ येथे आहे. जुने व्हिक्टोरिया म्हणून ओळखले जाणारे सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय आणि स्त्रियांसाठीचे लेडी एल्गिन रुग्णालय तर जुन्या शहरातच, या वस्त्यांपासून रिक्षाच्या अंतरावर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्याला वाहिलेली राष्ट्रीय संस्थाही जबलपुरातच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या घरात. एवढ्या लोकसंख्येच्या फार थोड्या भारतीय शहरांना असा संस्थासंभार लाभला असेल. दंडकारण्यातील खेड्यात रुग्णालय दूर आहे म्हणून माणूस दगावतो, हे समजू शकते. रुग्णालय हाकेच्या अंतरावर असताना आजार अंगावर काढला जातो, तेव्हा अंतराचे स्पष्टीकरण पुरत नाही.

विजय नगरच्या मराठी माणसाला येथे क्षणभर थांबवून त्याच्या स्वतःच्या स्थितीची आठवण करून द्यायला हवी. तोही या शहरात अल्पसंख्याकच आहे. धर्माने नव्हे, भाषेने. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जबलपूर ज्या मध्य प्रांत-वऱ्हाडात होते, त्याची राजधानी नागपूर होती आणि मराठी व हिंदी या दोन्ही तेथील राजभाषा होत्या. राज्यपुनर्रचनेने ती सोय एका दिवसात संपली. तरीही मराठी कुटुंबाचे आरोग्याच्या बाबतीत फारसे अडले नाही, कारण पगारी नोकरी होती, नोकरीबरोबर रुग्णालय होते आणि रुग्णालयात ओळख होती. आपण ज्याला आपली सुशिक्षितता म्हणतो, तिच्यात या ओळखीचा वाटा किती मोठा आहे, हे सहसा कोणी मोजत नाही. आरोग्यसाक्षरता म्हणजे केवळ वाचता येणे नव्हे. काय झाले आहे हे विचारण्याचे धाडस, उत्तर मिळेपर्यंत खिडकीपाशी उभे राहण्याचा हक्क वाटणे आणि उत्तर आपल्या बोलीत मिळणे, या तिन्ही गोष्टी तिच्यात येतात. पहिल्या दोन गोष्टी शाळेत शिकवल्या जात नाहीत. त्या सामाजिक पतीतून येतात.

आता विडीच्या धंद्याकडे पाहू, कारण गोहलपूरच्या आरोग्याची कथा त्याच्याशी बांधलेली आहे. या वस्त्यांतील अनेक कुटुंबे मूळची विणकरांची, अन्सारी. हातमागाला उतरती कळा लागली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरच्या परिसरात तेंदूपत्त्याच्या आधाराने विडीचा धंदा फोफावला, तेव्हा माग सोडलेले हात विडीकडे वळले. पुढे कारखान्यातले काम घरी आले आणि ते प्रामुख्याने स्त्रियांचे झाले. सट्टेदार पाने, तंबाखू व दोरा देतो, विड्या मोजून घेतो, खराब निघालेल्या बाजूला काढतो आणि हजारी दराने पैसे चुकते करतो. फेब्रुवारी १९६१ च्या दंगलीने साऱ्या देशाला धक्का बसला, राष्ट्रीय एकात्मता परिषदेचा विचार त्याच वर्षी पुढे आला, हे ग्रंथांतरी नमूद आहे. दंगलीनंतर माणसे आपापल्या लोकांत सरकून राहतात, वस्त्या अधिक दाट आणि अधिक एकजिनसी होतात आणि बाहेरचा माणूस, मग तो लस घेऊन आला तरी, बाहेरचाच राहतो. हे मात्र आरोग्य खात्याच्या कोणत्याही नकाशात नमूद नसते.

विडी वळणाऱ्या बाईला खोकला येतो, तेव्हा तो तंबाखूच्या धुळीचा आहे असेच ती समजते. तिच्या आईलाही तो होता, शेजारणीलाही आहे. दिवसभर वाकून बसल्याने पाठ धरते, डोळे चुरचुरतात. त्या साऱ्याबरोबर खोकलाही धंद्याचाच भाग म्हणून पत्करला जातो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, तेथे दाटीच्या वस्तीतला लांबलेला खोकला असा घरगुती ठरणे किती घातक, हे सांगायला नको. निदान झाले, औषध सुरू झाले, तरी दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन जरा वाढते आणि बरे वाटू लागते. बरे वाटणे आणि बरे होणे यांत चार महिन्यांचे अंतर आहे, हे तिला कोणी पुरेशा वेळ देऊन सांगितलेले नसते. औषध फुकट आहे. पोषणासाठी दरमहा मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली आहे. तरीही औषध मध्येच सुटते, आणि मग न दबणारा क्षय घरात शिरतो. सरकारने गोळी दिली, पैसे दिले. गोळी का चालू ठेवायची हे सांगण्याचे दहा मिनिटांचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही.

एके काळी या कामगारांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती, हे विसरून चालणार नाही. १९७६ मध्ये संसदेने विडी कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा केला, विडीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरबांधणीची मदत सुरू झाली. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कल्याण संघटनेचे एक विभागीय कार्यालय जबलपुरातच आहे. त्या दवाखान्यांचा कारभार आदर्श होता असे कोणी म्हणणार नाही. पण विडीवाल्या बाईला ‘आपला’ म्हणता येईल असा एक डॉक्टर, एक खिडकी तिथे होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, त्यात अनेक उपकरांबरोबर हाही उपकर गेला. विडीवर कर राहिलाच, किंबहुना चढाच राहिला. परंतु कामगाराच्या नावाने वेगळा निघणारा पैसा सामान्य तिजोरीत मिसळला. कल्याण योजना आता अर्थसंकल्पाच्या मर्जीवर चालतात. करसुधारणेच्या गदारोळात या गोष्टीची चर्चा राजधानीत किती झाली? ज्यांचा पैसा गेला त्यांना तो आपला होता हेच ठाऊक नव्हते. मग ओरड कोण करणार?

अल्पसंख्याकांच्या प्रश्नाकडे दिल्ली कोणत्या खिडकीतून पाहते, हे तपासण्यासाठी २००६ या वर्षाकडे जावे लागते. त्या वर्षी दोन महत्त्वाचे दस्तऐवज आले. जूनमध्ये पंतप्रधानांचा नवा पंधरा कलमी कार्यक्रम आला आणि नोव्हेंबरमध्ये न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. पंधरा कलमांत अंगणवाड्या होत्या, शाळा होत्या, उर्दू शिक्षक, मदरशांचे आधुनिकीकरण, शिष्यवृत्त्या, कर्जे, नोकरभरती, घरे, झोपडपट्टी सुधारणा होती आणि अखेरची तीन कलमे जातीय दंगलींविषयी होती. दवाखान्याला, आरोग्याला एकही स्वतंत्र कलम नव्हते. म्हणजे अल्पसंख्याक माणूस शिकतो, कर्ज घेतो आणि दंगलीत सापडतो. आजारी मात्र पडत नाही, असे राज्यकर्त्यांचे गृहीत असावे! पुढे अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी बहुक्षेत्रीय विकासाचा कार्यक्रम २००८ मध्ये आला, २०१८ मध्ये त्याचे नाव प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रम झाले आणि त्यातून आरोग्यकेंद्रांच्या इमारतीही उभ्या राहिल्या. सरकार बदलले, नाव बदलले, दृष्टी तीच राहिली. जे बांधता येते, ज्याचे उद्घाटन करता येते, तेवढेच धोरणात बसते.

सच्चर समितीच्या अहवालात एक निष्कर्ष असा होता की जो दोन्ही बाजूंच्या प्रचारकांना अडचणीचा ठरल्याने मागे पडला. मुस्लिम समाजातील अर्भक व बालमृत्यूचे प्रमाण, दारिद्र्य अधिक असूनही, राष्ट्रीय सरासरीहून किंचित कमी असल्याचे समितीने दाखवले होते. ‘त्यांना मुलांची किंमत नाही’, ‘ते ऐकतच नाहीत’ असे कार्यालयांतून सहज बोलले जाते, त्याला हे आकडे परस्पर उत्तर देतात. मात्र त्याच अहवालाने हेही सांगितले की मुस्लिमबहुल वस्त्यांत आरोग्याच्या व इतर नागरी सोयी तोकड्या आहेत. महाराष्ट्रात २००८ मध्ये नेमलेल्या मेहमूद-उर-रहमान समितीनेही २०१३ मध्ये आपला अहवाल राज्य सरकारला दिला. अहवालांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता.

‘ऐकत नाहीत’ या तक्रारीविषयी मराठी माणसाने तरी जपून बोलावे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा कोण ऐकत नव्हते? गोरे सोजीर घराघरांत शिरून रुग्ण शोधत होते, सामान बाहेर फेकत होते, स्त्रियांची तपासणी करीत होते, आणि सारे शहर भीतीने व संतापाने पेटले होते. रुग्ण लपवले जात होते. शास्त्राच्या दृष्टीने रुग्ण वेगळा काढणे चूक नव्हते; पण ते ज्या हातांनी होत होते त्या हातांवर विश्वास नव्हता. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत, त्याच शहराच्या वेशीवर, डॉ. यशवंतराव फुले यांनी काढलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांना आणून पोहोचवत होत्या आणि प्लेगनेच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. तोच आजार, तेच लोक. एका हातापासून ते पळत होते आणि दुसऱ्या हाताने नेले तर जात होते. पुण्याच्या ब्राह्मणवाड्यांनी त्या वर्षी जे केले, त्याला आपण आज स्वाभिमान म्हणतो. गोहलपूरने तसेच काही केले तर अडाणीपणा म्हणू नये.

एप्रिल २०२० मध्ये इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये आरोग्य पथकावर दगडफेक झाली. ती निषेधार्हच होती, आणि गुन्हेगारांवर कारवाई झाली ते योग्यच. परंतु त्या आठवड्यात भ्रमणध्वनींवरून कसल्या अफवा फिरत होत्या आणि त्यांना उत्तर देणारा एकही विश्वासाचा माणूस वस्तीत आगाऊ का गेला नव्हता, याची चौकशी कोणी केली नाही. योगायोग असा की मध्य प्रदेशातील पहिले चार करोनाबाधित २० मार्च २०२० रोजी जबलपुरातच आढळले होते, आणि ते चौघेही परदेशातून विमानाने परतलेले होते. साथ कोणत्या थरातून शहरात शिरली हे उघड होते. तरी आठ-दहा दिवसांत देशभर बोट कोणाकडे दाखवले जाऊ लागले, ते वाचकांना आठवत असेल. ज्या समाजाकडे रोगाचा वाहक म्हणून बोट दाखवले जाते, तो समाज तपासणीच्या रांगेत उभा राहण्यास कचरतो. महाराष्ट्रालाही हा धडा २०२२ च्या अखेरीस मिळाला. मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवर उसळला, भिवंडी-मालेगावातही पसरला आणि लस चुकलेली मुले किती आहेत हे मृत्यू झाल्यावर मोजले गेले.

हे काम अशक्य आहे असे मात्र नाही. आपल्याच देशाने ते एकदा करून दाखवले आहे. पोलिओच्या लढ्यात २००२ साली देशात १६०० रुग्ण सापडले, त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशात, आणि मुस्लिम बालकांचे प्रमाण त्यांत ठळक होते. डोस म्हणजे नसबंदीचा कट, ही अफवा मुरादाबाद-मेरठच्या गल्ल्यांत रुजली होती. आणीबाणीतल्या सक्तीची आठवण असणाऱ्या वस्त्यांत ती का रुजली, हे समजणे कठीण नाही. तेव्हा युनिसेफच्या साह्याने वस्तीतल्याच स्त्रिया निवडण्यात आल्या. प्रत्येकीकडे ठरावीक घरे होती. ती त्या घरांत डोसाच्या दिवशीच नव्हे, एरवीही जात असे. जामिया मिलिया, जामिया हमदर्द, अलीगढ विद्यापीठ या संस्था पुढे आल्या, मशिदींतून आवाहने झाली. २००९ मध्येही देशात ७४१ रुग्ण होते, जगातील जवळजवळ निम्मे. १३ जानेवारी २०११ नंतर एकही नाही. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले आणि त्याचे श्रेय घेण्यासाठी बरीच गर्दी झाली. त्या गल्लीतल्या बाईचे तंत्र शहरी आरोग्य व्यवस्थेत कायमचे रुजवावे, असे मात्र त्या गर्दीतील फारच थोड्यांना सुचले.

वास्तविक त्याच्या आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान मंजूर झाले होते. त्याचा आराखडा वाचला तर तो तयार करणाऱ्यांना प्रश्न कळला होता असेच म्हणावे लागेल. पन्नास हजार लोकवस्तीमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र, दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा कार्यकर्ती, पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती व तिला वर्षाला पाच हजार रुपये. मजूर कामावरून परतल्यावर येऊ शकेल म्हणून केंद्र सायंकाळपर्यंत चालावे, हाही विचार त्यात होता. वस्त्यांची असुरक्षिततेच्या निकषांवर नोंद करावी असेही म्हटले होते. आराखड्यात जे लिहिले ते अंमलात आले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. अनुभव असा की केंद्र सकाळी उघडते आणि विडीवाली बाई सट्टेदाराकडे माल देऊन मोकळी होईपर्यंत बंद होते. महिला समिती कागदावर राहते. आशाला लसीकरण, प्रसूती, क्षयरोग, आयुष्मान कार्ड, सर्वेक्षण अशा कामांचे तुकड्यातुकड्याने पैसे मिळतात. ‘समजावून सांगितले’ या कामाचा तुकडा त्यात नाही. तिच्या नेहमीच्या कामांचा केंद्रीय मोबदला दरमहा २००० रुपयांवरून ३५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला, तेव्हा तो औदार्य म्हणून जाहीर करण्यात आला. मंत्रालयांतील वाचकांनी आपल्या कार्यालयातील शिपायाचा पगार आठवून पाहावा.

सरकार ‘सांगते’ नाही असे नव्हे. माहिती, शिक्षण व संवाद या शीर्षाखाली पैसा दर वर्षी येतो आणि खर्चही होतो. तो खर्च होतो भिंती रंगवण्यावर, फलकांवर, मार्चअखेरीच्या मेळाव्यांवर. विनियोग प्रमाणपत्रात किती पत्रके छापली ते लिहावे लागते; किती जणांना कळले ते लिहावे लागत नाही. शिवाय ते सांगणे ज्या भाषेत होते, ती गोहलपूरचीही नाही आणि विजय नगरचीही नाही. ‘संस्थागत प्रसव’, ‘परिवार कल्याण’, ‘गैर-संचारी रोग’ ही शासकीय हिंदी ऐकून जबलपूरची हिंदीभाषक गृहिणीही गोंधळते. येथे उर्दू-हिंदीचा जुना वाद उकरण्याचे कारण नाही. वस्तीतल्या तरुण मुली देवनागरी वाचतात, जुन्या पिढीतल्या बायकांना कोणतीच लिपी सराईतपणे येत नाही आणि बोलतात दोघीही तीच साधी हिंदुस्तानी. लिपीचे फलक दोन्ही लावावेत, त्यात कोणाचे नुकसान नाही. पण प्रश्न त्यापुढचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तके केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते समारंभपूर्वक प्रकाशित झाली. चिठ्ठीच्या शिरोभागी ‘श्री हरी’ लिहून खाली औषधाचे नाव हिंदीत लिहावे, असे तेव्हाचे मुख्यमंत्री म्हणाले. डॉक्टरने हिंदीत शिकावे हे उत्तमच. रुग्णाला काय झाले आहे हे त्याने कोणत्या भाषेत आणि किती मिनिटे सांगावे, याविषयी मात्र त्या समारंभात फारसे कोणी बोलले नाही.

याविषयी कायदेशीर आधार नाही असेही नव्हे. राज्यपुनर्रचनेबरोबर सातव्या घटनादुरुस्तीने ३५० ब हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. १९५६ च्या केंद्रीय निवेदनात तर असे संरक्षण आहे की, जिल्ह्यात किंवा त्याहून लहान विभागात एखाद्या भाषिक गटाचे प्रमाण १५ टक्के वा अधिक असेल, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. ही तरतूद सरकारी गॅझेटापुरती समजली गेली. लसीची सूचना, शस्त्रक्रियेचे संमतिपत्र, क्षयरोगाचे उपचारपत्रक या ‘महत्त्वाच्या सूचना’ नव्हेत काय? आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. न्यू जर्सीच्या रुग्णालयात मराठी आजीला नेले तर तिच्यासाठी दुभाषा मागता येतो, कारण २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याच्या १५५७ व्या कलमाने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना ते बंधन घातले आहे. भाषिक सोयींविषयीचा २००० सालचा अध्यक्षीय आदेश २०२५ मध्ये तेथे रद्द झाला, हे खरे. कायद्याचे ते कलम मात्र अद्याप आहे. न्यू जर्सीत जो हक्क आपल्या आईसाठी आपण मागतो, तो जबलपुरात शेजारणीला नसावा हे आपल्याला खटकतही नाही.

करण्यासारखे काय आहे? त्याला नवी योजना लागत नाही आणि मोठा पैसाही लागत नाही. विडीवाल्या स्त्रिया ठरलेल्या दिवशी सट्टेदाराच्या ओट्यावर माल घेऊन येतात. आशाने किंवा परिचारिकेने त्या दिवशी तेथे बसावे. दवाखान्याची खिडकी तेथे नेता येते, तर नेली पाहिजे. सोलापुरात विडी वळणाऱ्या, बहुतांश तेलुगूभाषक, स्त्रियांसाठी कामगार संघटनेच्या पुढाकाराने कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग तिच्या कार्यक्रमाला आले. घरासारखी मोठी गोष्ट त्या स्त्रियांच्या गळी उतरली, कारण सांगणारी माणसे त्यांच्या मोर्चांत चाललेली होती. आरोग्य खात्याने विडी संघटनांना कधी बैठकीला बोलावल्याचे ऐकिवात नाही. ते श्रम खात्याचे काम, असे उत्तर मिळते. श्रम खात्याला विचारावे तर दवाखाना हा आरोग्याचा विषय. जबलपूरसारख्या शहरात ही दोन्ही कार्यालये एकाच टेबलाशी बसवणे हे जिल्हाधिकाऱ्याच्या एका पत्राचे काम आहे.

दुसरे, मोजणी बदलावी लागेल. क्षयाच्या रुग्णाला औषध सुरू झाल्यावर पंधराव्या दिवशी कोणीतरी विचारावे, ‘बाई, औषध किती महिने घ्यायचे?’ उत्तर चुकले तर दोष रुग्णाकडे न टाकता केंद्राच्या खात्यावर मांडावा. आयुष्मान योजनेत शहरी लाभार्थ्यांसाठी जे अकरा व्यवसायवर्ग ठरले, त्यांत घरबसल्या काम करणाऱ्यांचाही समावेश आहे. तरीही घरात पाच लाखांचे संरक्षण असल्याचे ठाऊक नसल्याने सावकाराकडून पैसे काढून खासगी रुग्णालय गाठले जाते, आणि मग पुढील कित्येक हजार विड्या त्या सावकाराच्या होतात. किती कार्डे वाटली हा आकडा राज्यांकडून दिल्लीला दर आठवड्याला जातो. किती घरांना कार्ड कशासाठी आहे हे माहीत आहे, हा आकडा मागितला तर तो तयार होईल. मागितलाच नाही, तर कधीच होणार नाही. मराठी अधिकारी केंद्राच्या आरोग्य, श्रम व अल्पसंख्याक मंत्रालयांत आहेत, मध्य प्रदेशाच्या सेवेतही आहेत. कोणत्या रकान्याची भर घालायची हे ठरवणाऱ्या टिपण्या त्यांच्याच टेबलावरून जातात.

आणि विजय नगरच्या मराठी कुटुंबांचे काय? प्रवासी मराठी माणसाची मंडळे गणेशोत्सव, कोजागरी नेमाने करतात, आणि अलीकडे रक्तदान शिबिरेही. त्यांत निवृत्त परिचारिका असतात, औषधनिर्माते असतात, कारखान्याच्या रुग्णालयात जन्म घालवलेले लोक असतात. त्यांना फाइल लावता येते. तीच कला पिशवीवालीला शिकवायला आठवड्यातून दोन तास पुरतील. पहिल्या दिवशी कोणी येणार नाही हे गृहीत धरावे. पोलिओच्या कार्यकर्तीलाही पहिल्या दिवशी दार उघडले गेले नव्हते.

येत्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. आयुष्मानच्या शहरी याद्यांचा पाया २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत होता, आणि त्यानंतर या वस्त्यांत एक सबंध पिढी वयात आली. नवे आकडे हाती आले की वॉर्डांच्या सीमा, आरोग्यकेंद्रांच्या जागा, आशांची संख्या, सारेच नव्याने ठरेल. गोहलपूरच्या दारावर प्रगणक येईल तेव्हा घरात विड्या वळणारी बाई ‘काहीच करत नाही’ असे सांगेल, कारण घरात बसून केलेले काम तिला काम वाटत नाही. तिला दुसरा प्रश्न विचारून नेमकी नोंद करायची, की पहिल्या उत्तरावर पुढच्या दाराकडे जायचे, हे प्रगणकांच्या प्रशिक्षणात ठरते. आणि त्या प्रशिक्षणाच्या पुस्तिका दिल्लीतूनच निघतात.